मोठ्या परिषदा संपलेल्या नाहीत

झूम आल्यावर मोठ्या परिषदांचे दिवस भरले, असं काही जण म्हणतात; मला ते पटलं नाही. बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाइल उद्योगाची मोठी परिषद आणि प्रदर्शन, बघा. २०१९ मध्ये लाखाच्या वर लोक आले होते. २०२० ला कोविडमुळे ती ऐनवेळी रद्द झाली, २०२१ ला प्रत्यक्ष हजेरी वीस हजारांच्या आसपास. पण २०२४ मध्ये पुन्हा लाख ओलांडला! भाषणं घरबसल्या ऐकता येतात हो, पण तिथे विमानाचा खर्च करून जाणारा माणूस स्टॉलवर यंत्र हाताळायला आणि समोरासमोर भाव ठरवायला जातो.

कमी झाल्या त्या कंपनीच्या आतल्या छोट्या बैठका. आमच्याकडे मासिक आढाव्यासाठी मुंबई-पुणे फेऱ्या व्हायच्या, त्या आता पूर्ण बंद आहेत. अशा बैठकांवर चालणाऱ्या लहान हॉटेलांची मला खरी काळजी वाटते.