लॉनखाली मोलने बोगदे काढलेत, उपाय सुचवा (ओहायो)

अंगण_ओहायो

नमस्कार मंडळी,

आम्ही कोलंबसजवळ राहतो. घरामागे साधारण पाव एकर लॉन, कडेला मेपलची झाडं आणि त्यापलीकडे मोकळं रान. मार्च संपता संपता जमीन मऊ झाली आणि लॉनवर नागमोडी उंचवटे दिसायला लागले. वर कुठेही भोक नाही, पण पाय ठेवला की माती भसकन खाली बसते. मागच्या पावसानंतर दोन-तीन ठिकाणी मातीचे गोल ढीगही आलेत. मोअर फिरवला की उंचवट्यावरचं गवत मुळासकट खरवडून निघतं आणि राहिलेलं पिवळं पडतं.

शेजारी म्हणतात मोल आहेत, म्हणजे जमिनीखाली बोगदे काढून राहणारे छोटे प्राणी. लॉन सर्व्हिसचा माणूस येऊन बघून गेला. त्याचं म्हणणं, मातीत ग्रब्ज म्हणजे भुंग्यांच्या अळ्या झाल्यात, त्या मारल्या की खायला काही उरणार नाही आणि मोल आपोआप जातील. त्यासाठी वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारायला बघतोय. त्यात एचओएचं (वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलंय की लॉन नीट ठेवा.

सासरे सध्या साताऱ्याहून आलेत. जन्म उसाच्या शेतीत गेला, घुशी-उंदरांशी कायमचं वैर. त्यांचा सल्ला एकच: "बिळात सल्फासची गोळी टाका, वरनं माती लोटा, विषय संपला." इथे कुठल्या दुकानात मिळेल म्हणून रोज विचारतात.

घरात कुत्रा आहे, लेक पाच वर्षांची आहे आणि दोघंही दिवसभर मागच्या अंगणातच असतात. वाफ्यात मेथी-कोथिंबीर नुकतीच वर आलीय. त्यामुळे विषाचं नाव काढायला नको वाटतं. हे मोलच आहेत हे कसं ओळखायचं? ग्रबचं औषध मारून खरंच फरक पडतो का? डांबरगोळ्या, मिरचीपूड, ते बॅटरीवर गुणगुणणारे खुंटे, यातलं कुणी काही वापरलंय का? आणि लॉनची जी वाट लागलीय ती कधी आणि कशी दुरुस्त करायची?

पुणेरी_पाटी

घुशी असणार! आमच्या सोसायटीच्या लॉनचीही हीच गत आहे. वॉचमनला सांगा, तो बघून घेईल. 😀

काळी_माती

पुणेरी, ओहायोतल्या वॉचमनचा नंबर असेल तर मलाही द्या. 😀 पण या घुशी नाहीत. घुशीचं बीळ उघडं असतं आणि तोंडाशी माती उपसलेली दिसते. महाराष्ट्रात मोल नाहीतच, भारतात ते हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येकडे सापडतात, त्यामुळे आपल्याला बघून माहीत नसतात.

ताई, मी इंडियानात राहते आणि या प्राण्याने माझ्या लॉनवर पुष्कळ प्रयोग करवून घेतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्णनावरून हे मोलच, आणि तुमच्या भागात म्हणजे ईस्टर्न मोल. वर भोक नाही, पण जमिनीलगत फुगलेली रेघ आहे, ही त्याची खूण. व्होल (उंदरासारखा, गवत आणि मुळं खाणारा प्राणी) असता तर गवतातच दीड-दोन इंच रुंदीची वाट दिसली असती, गवत कुरतडलेलं आणि मधे छोटी उघडी भोकं. बर्फ वितळला की त्या वाटा एकदम नजरेत भरतात. चिपमंकचं (खारीसारखा छोटा प्राणी) बीळ गोल आणि स्वच्छ, बाजूला मातीचा कणही नसतो. दुकानात जाण्याआधी हे ओळखणं महत्त्वाचं, कारण व्होल आणि उंदीर विषाचे दाणे खातात, मोल खात नाही. तो उंदराच्या कुळातलाच नाही, आपल्या चिचुंद्रीचा नातेवाईक आहे. गांडुळं हे त्याचं मुख्य खाणं, जोडीला अळ्या आणि किडे. रोज जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं खातो, म्हणून सतत खणत असतो. तुमच्या मेथीची मुळं तो खाणार नाही. मात्र त्याच्या बोगद्यातून व्होल येतात आणि ते मुळांवर ताव मारतात. नाव याचं, उद्योग त्यांचा.

आता ग्रब. लॉनवाल्याचं अर्धं बरोबर आहे, मोल ग्रब खातो. पण ग्रब संपले तरी गांडुळं राहतातच, आणि जितकं लॉन चांगलं तितकी गांडुळं जास्त. म्हणून नुसत्या ग्रबच्या औषधाने मोल जाण्याची आशा धरू नका. पॅकेज घेण्याआधी स्वतः बघा: एक फूट लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापा, गवताची चादर उलटा आणि खालच्या पांढऱ्या, इंग्रजी सीसारख्या वळलेल्या अळ्या मोजा. दोन-चार असल्या तर निरोगी लॉन त्या सहज सोसतं, दहाच्या वर गेल्या तर औषधाचा विचार करा. तोही आत्ता नाही. वसंतातल्या अळ्या मोठ्या झालेल्या असतात, औषधाला दाद देत नाहीत आणि लवकरच कोषात जातात. आत्ता मारलेलं औषध म्हणजे निव्वळ पैसे मातीत.

आणि सल्फास. बाबांना मान देऊन सांगते, हे कृपया डोक्यातून काढून टाका. त्यातलं ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओलाव्यात फॉस्फीन वायू सोडतं आणि तो सैल मातीतून, भिंतीच्या फटींतून घरात शिरतो. २०१० साली यूटामधल्या लेटन इथे एका कीटकनाशकवाल्याने उंदीरवर्गीय प्राण्यांसाठी घराला लागूनच त्या गोळ्या टाकल्या आणि घरातल्या दोन लहान बहिणी गेल्या. त्याच वर्षी ईपीएने (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) निवासी जागांभोवती त्याचा वापर बंद केला. परवाना नसलेल्याला ते विकतही मिळत नाही.

सिएटलकर

काळी_मातींनी सगळं लिहिलंच आहे. घरगुती उपायांबद्दल मी माझं सांगतो.

डांबरगोळ्या: नको. नॅप्थलीन इथे कीटकनाशक म्हणून नोंदलेलं आहे आणि लेबलवर लिहिलेलं सोडून दुसरीकडे वापरणं बेकायदा. बंद डब्यात कपड्यांसाठी म्हणून विकलेली गोळी जमिनीत पुरता येत नाही. शिवाय कुत्र्याने उकरून खाल्ली तर आणखी खर्च. मिरचीपूड, च्युइंग गम, न्हाव्याकडचे केस, भिरभिरी, गुणगुणणारे खुंटे: आमच्या गल्लीत सगळं करून झालंय. एका शेजाऱ्याच्या खुंट्याला खेटूनच ढीग आला, त्याचा फोटो अजून व्हॉट्सॲपवर फिरतो.

एरंडेलाचं मात्र थोडं वेगळं आहे. ईस्टर्न मोलवर त्याचा उपयोग झाल्याचं अमेरिकन विद्यापीठांचे सल्लागारही सांगतात, पण खात्री कुणीच देत नाही. दाणेदार मिळतं. घराच्या बाजूने सुरुवात करून रानाकडे सरकत पसरायचं, म्हणजे त्याला पळायला वाट राहते, आणि वरून भरपूर पाणी द्यायचं, नाहीतर ते मुळांपर्यंत उतरत नाही. महिना-दोन महिन्यांत पुन्हा टाकावं लागतं. आपल्या लहानपणी ते आपल्याला पाजायचे, आता मोलची पाळी.

ट्रॅप लावायच्या आधी आपापल्या राज्याचा नियम बघा. आमच्या वॉशिंग्टनमध्ये २००० साली मतदानाने कायदा झाला, त्यात शरीर जखडणाऱ्या सापळ्यांवर बंदी आली आणि मोलचे नेहमीचे ट्रॅपही त्यात सापडले. ओहायोत तसं नाही.

राईनकाठ

जर्मनीहून लिहितोय. इथे मोल संरक्षित आहे. मारणं सोडा, पकडणंसुद्धा गुन्हा, आणि दंडाची रक्कम वाचून घाम फुटतो. २०२० मध्ये तर त्याला 'वर्षाचा प्राणी' म्हणून निवडलं होतं. आमचे घरमालक ढिगातली माती घमेल्यात भरून कुंड्यांना घालतात. भुसभुशीत, खडा नाही, तणाचं बी जवळजवळ नाही. लॉन म्हणजे गालिचाच असला पाहिजे हा हट्ट सोडता येत असेल तर तोही उपाय धरा. तुमचा एचओए सोडू देणार नाही, हे वेगळं.

जाता जाता: इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ मध्ये गेला, तो मोलच्या ढिगाला घोडा अडखळून पडल्यानंतरच्या दुखण्याने. त्याचे विरोधक पुढे कित्येक वर्षं 'काळ्या मखमली कोटातल्या छोट्या सद्गृहस्थांच्या', म्हणजे त्या मोलच्या, नावाने पेला उंचावत होते. तुमच्यासमोर तर फक्त एचओए आहे.

अंगण_ओहायो

सगळ्यांचे खूप आभार! सल्फासची ती बातमी बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग दुसरं काय ते विचार त्यांना."

लॉन कापून बघितलं. चौकोनात तीन अळ्या आणि गांडुळंच गांडुळं! पॅकेजला नाही म्हणून कळवलं. एरंडेल मागवते, पण ते तात्पुरतं असेल तर ट्रॅपचंही शिकून घ्यावं म्हणते. बोगदे एवढे आहेत की लावायचा कुठे तेच कळत नाही. दहा-बारा मोल असतील का? आणि गांडुळाच्या आकाराचं विष मिळतं असं वाचलं, ते कसं आहे?

काळी_माती

दहा-बारा? नाही हो! मोल एकेकटा राहतो. एकरात तीन-चार असले तरी खूप झाले. तुमच्या पाव एकरात बहुधा एकच असेल, फार तर दोन. तासाला पंधरा फूट बोगदा सहज काढतो, म्हणून पलटण वाटते.

गांडुळाच्या आकाराच्या विषात ब्रोमेथॅलिन असतं. खोल बोगद्यात नीट टाकलं तर काम करतं, पण ते मेंदूवर परिणाम करतं आणि त्याला उतारा नाही. कुत्रा उकरणारा असेल तर मी तरी ते घरात आणणार नाही. ट्रॅपच बरा.

जागा शोधणं हाच खरा भाग, बाकी सोपं आहे. नागमोडी, फांद्या फुटलेल्या रेघा सोडून द्या. त्या खाणं शोधायच्या, एकदा वापरून टाकलेल्या. कुंपणाच्या, फुटपाथच्या किंवा भिंतीच्या कडेने सरळ जाणारी रेघ बघा, किंवा दोन ढिगांना जोडणारी. तो त्याचा हमरस्ता. अशा चार-पाच जागी टाचेने वीतभर भाग दाबून बसवा आणि शेजारी काडी खोचून ठेवा. एक-दोन दिवसांत जो पुन्हा फुगेल तिथे ट्रॅप. पाऊस पडून गेल्यावर हे लवकर कळतं.

हार्पून ट्रॅप नवख्याला सोपा. दाबलेल्या भागावर तो बोगद्याच्या दोन्ही बाजूंना पाय येतील असा रोवायचा, मधली पट्टी दाबलेल्या मातीला जेमतेम टेकली पाहिजे. मोल माती उचलतो, पट्टी वर जाते, स्प्रिंग सुटते. आधी एक-दोनदा मोकळाच सोडून बघा, खाली दगड लागला तर सुळे अडतात. कात्रीचा ट्रॅप जास्त भरवशाचा, पण त्यासाठी बोगदा उकरून मधे सैल मातीचा बूच भरावा लागतो. स्प्रिंग भयंकर ताकदीची असते, लेकीला जवळपास फिरकू देऊ नका. वरून बादली पालथी घाला आणि त्यावर वीट ठेवा, म्हणजे कुत्र्याचं नाक वाचतं. रोज बघायचा. दोन-तीन दिवसांत काही नाही लागलं तर जागा बदला.

मी पहिला मोल हातात धरला तेव्हा जरा वाईटच वाटलं होतं. सहा-सात इंचांचा जीव. डोळे लवेखाली, शोधूनही सापडत नाहीत. पुढचे पंजे गुलाबी, रुंद, तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले. अंगावरची लव पुढे-मागे कशीही फिरते, बोगद्यात उलटं सरकायला सोयीची. हातमोजे घाला मात्र.

आणि एक गेला म्हणजे कायमची सुटका नाही. तयार बोगदे रिकामे राहिले की रानातून दुसरा येतो, विशेषतः पिल्लं वेगळी होतात तेव्हा. म्हणून सगळे बोगदे बुजवा. वाफ्यांभोवती मात्र पक्का बंदोबस्त होतो: अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी दीड-दोन फूट खोल उभी पुरायची आणि थोडी वर ठेवायची. सगळ्या लॉनला हे परवडत नाही, मेथीपुरतं परवडतं.

अंगण_ओहायो

हे ऐकून बाबा कामाला लागलेत. कुंपणाच्या कडेची रेघ त्यांनी दाबली होती, सकाळी बघतो तर पुन्हा फुगलेली. उद्या ट्रॅप आणायला जातोय. पिवळ्या पट्ट्यांवर आत्ताच बी टाकू का?

सिएटलकर

आत्ता फक्त उंचवटे पायाने दाबून बसवा आणि त्या पट्ट्यांना पाणी द्या. गवत मरतं ते खाली पोकळी होऊन मुळं सुकल्यामुळे. मुळं मातीला परत टेकली की बरंचसं आपोआप हिरवं होतं. गवत केंटकी ब्लूग्रास जातीचं असेल तर कडेने पसरून भरून निघतं. टॉल फेस्क्यू पसरत नाही, त्याला बी लागतंच. ओहायोत त्याची वेळ ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आत्ता टाकलंत तर तण आणि उन्हाळा मिळून खाऊन टाकतील.

एचओएला ट्रॅपचा फोटो पाठवून द्या, 'काम चालू आहे' म्हणून.