विषय: हिवाळी अंक, पान सात: निवडणूक निकालाचा मजकूर

सप्रेम नमस्कार,

आपल्या मराठी मंडळाच्या अंकाची पाने शुक्रवारी, 18 नोव्हेंबर 2022 रोजी छापखान्यात जायची आहेत आणि फक्त पान सात अडले आहे. अमेरिकेतील आपल्या मिशिगन राज्याच्या 8 नोव्हेंबरच्या निकालाचा मजकूर तयार आहे: गव्हर्नरपदासाठी ग्रेचन व्हिटमर यांना सुमारे 54 टक्के आणि ट्यूडर डिक्सन यांना सुमारे 44 टक्के मते, मतदारांपुढे ठेवलेले तिन्ही प्रस्ताव मंजूर, आणि तेराव्या मतदारसंघातून श्री ठाणेदार काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, विजयी. या निकालाला 'अधिकृत' म्हणावे का, आणि ठाणेदारांच्या अभिनंदनाची चौकट टाकावी का, हे कृपया लवकर कळवावे. गेल्या अंकाप्रमाणे छपाईनंतरची चर्चा या वेळी नको.
संपादक

---

संपादकताई,

'अधिकृत' हा शब्द मुळीच छापू नये. मी मतदान केंद्रावर काम करतो, म्हणून आग्रहाने लिहितो. रात्री आठला दरवाजे बंद झाल्यावर पोलबुकातील (मतदान केंद्राच्या नोंदवहीतील) मतदारांची संख्या आणि यंत्राच्या कागदी पट्टीवरील मतपत्रिकांची संख्या जुळवावी लागते, आणि मतपत्रिकांच्या पेटीच्या सीलवर दोन वेगवेगळ्या पक्षांच्या कर्मचाऱ्यांच्या सह्या होतात. त्या रात्री टीव्हीवर दिसतात ते प्राथमिक आकडे. त्यानंतर 83 काउंटींचे (जिल्ह्यांचे) कॅनव्हासर्स, म्हणजे मतमोजणी पडताळणारे सदस्य, तपासणी करतात, त्यांना 14 दिवसांची मुदत असते, आणि राज्याचे चार सदस्यांचे मंडळ विसाव्या दिवसापर्यंत, म्हणजे या वर्षी 28 नोव्हेंबरपर्यंत, निकाल प्रमाणित करते. 2020 मध्ये अँट्रिम काउंटीने पहिल्या रात्री बायडन आघाडीवर असल्याचे चुकीचे आकडे दिले होते. ते लगेच दुरुस्त झाले आणि पुढे हाताने मोजणी होऊन त्या काउंटीत ट्रम्प यांचाच विजय पक्का झाला, तरी त्या पहिल्या आकड्यांवरून उठलेल्या अफवा आजही ऐकाव्या लागतात.
ट्रॉयचे काका

---

काकांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु माझी हरकत चौकटीला आहे. आपले मंडळ 501 सी 3 प्रकारातील, म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, आहे. निकालाची बातमी देण्यास अडचण नाही, मात्र उमेदवाराची बाजू घेण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे, आणि दोन वर्षांनी तेच गृहस्थ पुन्हा उमेदवार असू शकतात. मंडळाच्या नावे अभिनंदन छापायचे असेल, तर आधी कार्यकारिणीचा ठराव व्हावा. देणग्यांच्या पावत्यांवर माझी सही असते, त्यामुळे हा विषय मी सैल सोडणार नाही.
खजिनदार

---

खजिनदारसाहेब,

आपली काळजी मला समजते, पण बेळगावात वाढलेला आपल्या भाषेचा माणूस काँग्रेसवर निवडून आला, तर मराठी मंडळाने त्याची दखल कोरड्या एका ओळीत घ्यावी का? 2018 मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते तिसरे आले, तेव्हा आमच्या घरी किती हळहळ झाली होती. 2020 मध्ये ते राज्याच्या सभागृहात गेले आणि आता वॉशिंग्टनला निघाले आहेत. पक्ष कोणताही असता, तरी मी हेच लिहिले असते.
कॅन्टनच्या काकू

---

काकू,

अभिमान मलाही आहे, परंतु त्या मजकुरात, ठाणेदारांच्या मतदारसंघात येणाऱ्या डेट्रॉईट शहराची बाजूही यावी. ठाणेदारांची खरी लढत ऑगस्टच्या प्राथमिक निवडणुकीत झाली. नऊ उमेदवारांत मते विभागली गेली आणि सुमारे 28 टक्के मतांवर ते पुढे गेले. सुमारे 70 वर्षांत प्रथमच डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नसेल, आणि माझ्या शेजारच्या वयस्कर बाईंना याचे मनापासून दुःख झाले आहे. आपला आनंद छापताना त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही.
डेट्रॉईटमधील सभासद

---

सर्वांना,

शीर्षक 'प्राथमिक निकाल, प्रमाणीकरण बाकी' असे राहील. ठाणेदारांविषयी बेळगावच्या उल्लेखासह चार ओळींची बातमी जाईल आणि तीत प्राथमिक निवडणूक व डेट्रॉईटचा संदर्भही येईल. अभिनंदनाची चौकट ठरावाशिवाय टाकणार नाही. प्रस्ताव दोनसाठी मात्र मी अर्धे पान राखले आहे, कारण त्यामुळे राज्यव्यापी निवडणुकांत मतदानाच्या दिवसाआधी नऊ दिवस प्रत्यक्ष मतदान करता येणार आहे आणि आपल्या ज्येष्ठ सभासदांना त्याचाच सर्वाधिक उपयोग आहे. काकांनी त्या मजकुरावर गुरुवारी दुपारपर्यंत नजर टाकावी.
संपादक