विषय: मॉन्ट्रियल, जुलैचा लाँग वीकएंड, आई-बाबा सोबत

१२ मे २०२५
प्रेषक: नि., एडिसन

मंडळी, नमस्कार.

आई-बाबा मार्चपासून आमच्याकडे आहेत, ऑगस्टअखेर साताऱ्याला परत. यंदा ४ जुलैची सुट्टी शुक्रवारी येतेय, म्हणून न्यू जर्सीहून गुरुवारी पहाटे निघून सोमवारी परत असा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा बेत आहे. गाडी आपलीच. आम्हा दोघांची ग्रीन कार्डं आहेत, लेक इथलीच, आई-बाबांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, त्यामुळे कागदांचा प्रश्न नाही.

ढोबळ आखणी अशी. गुरुवारी पोचून जुनं शहर, नोत्र-दाम, रात्री जॅझ फेस्टिव्हल. शुक्रवारी मों-रॉयाल, सेंट जोसेफ ऑरेटरी हे मोठं चर्च, बोटॅनिकल गार्डन, ऑलिंपिकचा मनोरा. शनिवारी क्यूबेक सिटी जाऊन-येऊन. रविवारी ओटावा. सोमवारी सकाळी निघायचं. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, पण ते "चालतं मला" म्हणतात. आईची रविवारी आषाढी आहे.

हॉटेल कुठल्या भागात घ्यावं आणि शाकाहारी जेवणाचं काय करावं, एवढंच सांगा.

नि.

१२ मे २०२५
प्रेषक: द., पार्सिपनी

नि.,

कागदांचा प्रश्न आहे, आणि तोच पहिला आहे. अमेरिकेचा व्हिसा कॅनडात चालत नाही. भारतीय पासपोर्टवर आई-बाबा दोघांनाही कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल. तुम्हा दोघांना नको: एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डवाल्यांना वैध पासपोर्ट आणि कार्ड दाखवलं की पुरतं. पासपोर्ट मात्र हवाच, नुसतं कार्ड घेऊन निघू नका. लेकीचा अमेरिकन पासपोर्ट घ्या.

अर्ज ऑनलाइन होतो, इथे बसून. फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. ठसे अमेरिकेतल्याच केंद्रात देता येतात, भारतात जावं लागत नाही. मंजुरी आली की स्टिकर लावायला पासपोर्ट पाठवायचे आणि ते परत यायची वाट बघायची. तुमच्या हातात सात आठवडे आहेत. आज रात्री अर्ज भरा, आणि रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या.

दुसरं, आई-बाबांचं आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधी आले आणि कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद. तीस दिवसांच्या आत परत आलात तर सहसा जुनंच चालू राहतं. म्हणजे कॅनडातले चार दिवस त्यांच्या सहा महिन्यांतच मोजले जातात, बाहेर जाऊन आलो म्हणून नवे सहा महिने मिळाले असं धरू नका. त्याची प्रत छापून पासपोर्टमध्ये ठेवा.

आपल्या ईमेल यादीवरच्या एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांसाठी, कोणीतरी विचारणारच म्हणून: पासपोर्टातला अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प संपला असला तरी आय-९४ चालू असेल, तर तीस दिवसांपर्यंत कॅनडाला जाऊन परत येता येतं. पण तिथे असताना नव्या स्टॅम्पचा अर्ज केलात तर ही सवलत गेली. आणि कॅनडाचा व्हिसा तुम्हालाही लागतोच.

इन्शुरन्स कंपनीकडून गाडीसाठी कॅनडाचं कार्ड मागून घ्या. फुकट मिळतं.

द.

१३ मे २०२५
प्रेषक: सु., प्रिन्स्टन (पूर्वी मॉन्ट्रियल)

नि. आणि मंडळी,

मी तिथे नऊ वर्षं काढली, पहिली दोन कोत-दे-नेजमधल्या तळघरातल्या खोलीत. म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तुझ्या आखणीवर कात्री. क्यूबेक सिटी एका बाजूला अडीचशे किलोमीटर, ओटावा दोनशे. एडिसनहून जाता-येता बारा-तेरा तास गाडीत बसलेल्या बाबांना तू मधल्या दोन दिवसांत पुन्हा नऊशे किलोमीटर फिरवणार? ही दोन्ही गावं काढून टाक. चार दिवस मॉन्ट्रियललाच दे, आणि दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेव. "चालतं मला" हे बाबांचं वाक्य तू साताऱ्यातही ऐकलं असशील. ते चालतात, आणि मग दोन दिवस पडून असतात.

मों-रॉयालला न्यायचंच. डोंगर कसला, टेकडी आहे ती, २३३ मीटर. साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यताऱ्यापुढे हसू येईल. पण शहरात नवी इमारत त्या टेकडीहून उंच बांधायची नाही असा नियम आहे. न्यू यॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेडनंच हीही बाग आखली, १८७६ ला ती खुली झाली. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, तिथून कोंडियारोंक सज्जापर्यंत सपाट चालणं. बाबांना जमेल. खाली शहर आणि पलीकडे सेंट लॉरेन्स नदी. रविवारी दुपारी त्याच टेकडीच्या पायथ्याशी, कार्तिए पुतळ्यापाशी, लोक आपापले ढोल घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत बडवतात. त्याला टॅम-टॅम म्हणतात. कोणी बोलावत नाही, कोणी तालीम घेत नाही. आपल्या पथकवाल्यांनी बघितलं तर ताशाशिवाय हे काय म्हणतील, पण आईंना गंमत वाटेल.

आता ऑरेटरी. तू ती चार गोष्टींच्या मधे कोंबली आहेस, तिला अख्खी सकाळ दे. आणि रविवारीच दे. कारण सांगते.

ते देऊळ उभं राहिलं एका दरवानामुळे. ब्रदर आंद्रे समोरच्या कॉलेजात दाराशी बसायचे. शिक्षण बेताचं, प्रकृती तोळामासा. आजारी माणसं त्यांच्याकडे येऊ लागली, ते सेंट जोसेफचं नाव घेऊन दिव्यातलं तेल लावायचे. १९०४ मध्ये टेकडीवर एक छोटं चॅपेल झालं, पुढे तिथेच हे प्रचंड घुमटाचं देऊळ, ते पुरं व्हायला १९६७ उजाडलं. दरवान १९३७ मध्येच गेले, ९१ वर्षांचे होऊन. २०१० मध्ये त्यांना संतपद मिळालं. बऱ्या झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्या आत ओळीनं टांगल्या आहेत, नवस फेडल्यासारख्या. त्यांचं हृदयही तिथे जपून ठेवलंय. ते १९७३ मध्ये चोरीला गेलं होतं, पुढल्या वर्षाच्या शेवटी सापडलं!

खालून वर २८३ पायऱ्या. मधली ९९ पायऱ्यांची लाकडी रांग फक्त गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखलेली आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बस चुकवून उभी राहिले होते. एक म्हातारी प्रत्येक पायरीवर थांबून पुटपुटत होती. माझ्या आजीनं जेजुरी अशीच चढली होती, फक्त उभ्यानं. आषाढीला पंढरपूर नाही तर नाही, आईंना ही पायरी दाखव. बाबांना मात्र पायऱ्या चढवू नको, वर जायची दुसरी सोय आहे.

जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, गुडघ्याला वाईट. तिथे थोडक्यात आटपा. नोत्र-दामचं आतलं निळं छत मात्र बघाच, पण शनिवारी, कारण रविवारी सकाळी प्रार्थना असते. तो बांधणारा ओडॉनेल न्यू यॉर्कचा, प्रोटेस्टंट. शेवटी कॅथलिक झाला आणि त्याच चर्चच्या तळघरात पुरला गेला.

मेट्रो १९६६ ची, रबरी चाकांवर पळते, पण बऱ्याच स्थानकांत लिफ्ट नाही. नकाशात चाकाच्या खुर्चीची खूण असलेलीच स्थानकं धरा. बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट नाही.

सु.

१३ मे २०२५
प्रेषक: अ., जर्सी सिटी

एवढा खटाटोप कशाला? टोरोंटोला जा, वाटेत नायगरा होतो, देशी जेवण पावलोपावली. मॉन्ट्रियलला फ्रेंच येत नसेल तर हाल.

१३ मे २०२५
प्रेषक: सु., प्रिन्स्टन

अ., हाल वगैरे काही नाही. दुकानात शिरलं की "बोंझूर-हाय" म्हणतात, आपण "हाय" म्हटलं की पुढचं इंग्रजीत. नायगरा इकडून, अमेरिकेच्या बाजूनंही दिसतो, व्हिसाशिवाय. टोरोंटोला जायला तरी तोच कॅनडाचा व्हिसा लागणार ना?

फ्रेंच फक्त एका ठिकाणी छळेल, पार्किंगच्या पाटीवर. एका खांबावर तीन-तीन पाट्या, एकीवर बाण, दुसरीवर वार, तिसरीवर महिने. यावर बाबांना कामाला लावा. वार आपल्यासारखेच ग्रहांवरून आहेत: लंदी सोम म्हणजे चंद्र, मार्दी मंगळ, मेर्क्रदी बुध, जदी गुरू, वांद्रदी शुक्र. आणि वेळ चोवीस तासांची, एसटीच्या वेळापत्रकासारखी. १६ एच म्हणजे दुपारचे चार.

आणि नि., लाल दिव्याला उजवीकडे वळायची न्यू जर्सीची सवय पुलाच्या अलीकडेच टाकून दे. मॉन्ट्रियल बेटावर ते चालत नाही.

१४ मे २०२५
प्रेषक: व. काकू, पिस्कॅटवे

अरे नि.,

जेवणाचं कोणीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. पुटीन म्हणजे बटाट्याचे काप, वर चीजचे तुकडे आणि गरम तपकिरी रस्सा. तो रस्सा बहुतेक ठिकाणी कोंबडीचा नाहीतर बीफचा असतो. नुसतं "व्हेजिटेरियन" विचारू नकोस, "सॉस कशाचा?" असं विचार. बेगल तिथला वेगळा, मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, न्यू यॉर्कच्याहून बारीक आणि गोडसर. सेंट व्हियाटर आणि फेअरमाउंट, दोन्ही दुकानं जवळजवळ आहेत, दोन्हीकडचा घ्या आणि गाडीत भांडा. अंडं आहे का ते विचारून घे, आई खात नसतील तर.

पोळीभाजीची आठवण झाली की पार्क-एक्स्टेंशनमध्ये जा, तिथे आपल्याकडचं वाणसामान आणि थाळ्या मिळतात. जाँ-तालों बाजार १९३३ पासूनचा. जुलैत तिथे स्ट्रॉबेरी अशी असते की इथली खावीशी वाटत नाही. मात्र परत येताना फळं बरोबर आणू नका, सीमेवर विचारतात आणि खोटं बोललात तर दंड.

आषाढीचं: हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली जागा घे. साबुदाणा, दाण्याचं कूट, भगर इथूनच कोरडं ने. बटाटे तिथे घे. इथल्या सूर्योदयालाही रविवारीच एकादशी आहे, पंचांग बघितलं मी. आईंना देवळातच जायचं असेल तर डोलार-दे-ऑर्मो नावाच्या उपनगरात तमिळ मंडळींनी बांधलेलं मुरुगनचं देऊळ आहे. विठोबा नाही, पण देव आपल्या शेजारच्यांचाच.

आणि बिलाचा हिशेब. खाण्यावर दोन कर मिळून जवळजवळ १५ टक्के लागतात. टिप किती द्यायची कळत नसेल तर कराएवढीच दे, डोकं चालवावं लागत नाही.

काकू

१४ मे २०२५
प्रेषक: यादीचे व्यवस्थापक

"मलाही पाठवा" एवढंच लिहायचं असेल तर कृपया सगळ्या यादीला उत्तर देऊ नये. सकाळपासून अकरा झाले.

१५ मे २०२५
प्रेषक: नि., एडिसन

द. काका, व्हिसाचा अर्ज काल रात्री दीड वाजता गेला. तुम्ही लिहिलं नसतंत तर आम्ही थेट सीमेवर जाऊन उभे राहिलो असतो, कुलरमध्ये शिरा घेऊन.

ओटावा, क्यूबेक सिटी, ऑलिंपिकचा मनोरा काढले. बाबा मनोऱ्यावर अडून बसले होते. मग त्यांना सांगितलं की १९७६ च्या त्या ऑलिंपिकचं कर्ज फेडायला २००६ उजाडलं. "मग लांबूनच बघू," म्हणाले. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, वेळापत्रकाची गोष्ट वाचून खूश झालेत. फ्रिजवर वार लिहून ठेवलेत.

सु.ताई, गुरुवारी आम्ही पोचू तेव्हा रस्त्यात सोफे पडलेले असतील असं कोणीतरी म्हणालं, ते काय आहे?

१५ मे २०२५
प्रेषक: सु., प्रिन्स्टन

१ जुलै! बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, मग अख्खं शहर एकाच दिवशी घर बदलतं. त्यात तिथल्या घरांना बाहेरून गोल वळणारे लोखंडी जिने. फ्रिज खाली उतरवताना चौघे ओरडत असतात. तू ३ तारखेला पोचशील, तोवर फूटपाथवर गाद्या आणि कपाटं उरलेली असतील. मी माझं लिहायचं टेबल तसंच उचललं होतं, अजून तेच वापरते.

८ जुलै २०२५
प्रेषक: नि., एडिसन

मंडळी, काल रात्री पोचलो. आईचा पासपोर्ट निघायच्या दोन दिवस आधी हातात आला, तोवर घरात कोणी नीट जेवलं नव्हतं.

सीमेवर वीस मिनिटं. जाताना लेक जॉर्ज सोडल्यावर फोनला बराच वेळ रेंज नव्हती. नकाशा आधीच उतरवून ठेवला होता म्हणून बरं, पेट्रोलही आधीच भरा. जॅझ एकच रात्र ऐकलं, रस्त्यावरचं, फुकट. बाबांना आवाज झेपेना.

रविवारी ऑरेटरीला आई त्या लाकडी रांगेशी खूप वेळ उभी होती. चढली नाही. पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि बाजूच्या पायऱ्यांनी चालत वर आली. बाबा आमच्याआधी वर पोचले होते आणि कुबड्या मोजत बसले होते.

पार्किंगचा दंड शून्य. शनिवारी मी गाडी लावून निघालो तर बाबांनी हाक मारली. खांबाखाली मान वर करून उभे. "बाण इकडचा आहे रे, सोळाच्या आत काढायची. पुढे घे." वीस फूट पुढे घेतली. संध्याकाळी परत आलो तेव्हा आधीच्या जागेवरच्या गाडीच्या काचेवर कागद लटकत होता. एडिसनला येईपर्यंत हे आम्ही चार वेळा ऐकलंय.

काकू, भगर उरली आहे, आणून देतो. व्हिसाला कुठली कागदपत्रं जोडली त्याची यादी ज्यांना हवी असेल त्यांनी मला एकट्यालाच लिहा, व्यवस्थापक रागावतात.

नि.