मदत हवी आहे : मराठीच्या पात्रता परीक्षेतील कालानुक्रमाच्या प्रश्नांत कोणते वर्ष धरायचे?

नमस्कार. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा मराठी विषय घेऊन दिलेले आम्ही काही जण गेले काही दिवस दुसऱ्या पेपरची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहत आहोत. १०० प्रश्नांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे जुळली. जी जुळली नाहीत त्यांतील बहुतेक प्रश्न कालानुक्रम लावण्याचे आहेत, आणि तेथे प्रत्येकाला वर्षे पाठ असूनही उत्तरे वेगळी आली आहेत. एखाद्या साहित्यकृतीचे लेखन, मासिकातील क्रमशः प्रसिद्धी, रंगभूमीवरील पहिला प्रयोग आणि पुस्तकरूपाने प्रकाशन यांपैकी कोणते वर्ष प्रमाण मानायचे, यावर आमचे एकमत होत नाही. अंतरिम उत्तरतालिका लवकरच येईल आणि आक्षेप नोंदवायला थोडेच दिवस मिळतील. म्हणून जाणकारांचे मत आधीच विचारत आहे. प्रश्न आठवणीतून लिहीत असल्यामुळे शब्दांत थोडाफार फरक असू शकेल.

पहिला प्रश्न नाटकांचा आहे. 'तृतीय रत्न', 'थोरले माधवराव पेशवे', 'संगीत शाकुंतल' आणि 'शारदा' यांचा क्रम लावायचा होता. शेवटच्या तिघांबद्दल वाद नाही : कीर्तने यांचे नाटक १८६१ चे, किर्लोस्करांचे शाकुंतल १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि देवलांची शारदा १८९९ मध्ये. अडचण जोतीराव फुले यांच्या नाटकाची आहे. ते १८५५ मध्ये लिहिले गेले, मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले गेले, कमिटीने ते स्वीकारले नाही, आणि छापील रूपात ते वाचकांपुढे आले ते थेट १९७९ मध्ये. लेखनकाल धरला तर हे नाटक पहिले येते आणि प्रकाशनवर्ष धरले तर शेवटचे. पर्यायांमध्ये दोन्ही क्रम होते. माझे उत्तर पहिल्या क्रमाचे आहे. ज्या नाटकाला त्याच्या काळात छपाई आणि प्रयोग दोन्ही नाकारले गेले, त्याला त्याच कारणाने इतिहासात सव्वाशे वर्षे पुढे ढकलणे मला न्याय्य वाटत नाही. परंतु परीक्षेत माझ्या वाटण्याला काही किंमत नाही, आधाराला आहे, याची मला कल्पना आहे.

दुसरा प्रश्न दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' ही दोन्ही पुस्तके १९८६ ची, पण दोन्ही त्याआधी नियतकालिकांतून क्रमशः आलेली. मुक्ता सर्वगौड यांचे 'मिटलेली कवाडे' १९८३ चे. आमच्यापैकी काहींनी वर्गात ऐकल्याप्रमाणे शांताबाईंचे आत्मकथन पहिले मानले, तर काहींनी पुस्तकांची वर्षे पाहून मुक्ताताईंचे.

तिसरा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, तरी विचारतो. विधान : केशवसुत हे आधुनिक मराठी कवितेचे जनक मानले जातात. कारण : त्यांनी सुनीत (चौदा ओळींची कविता, म्हणजे सॉनेट) हा काव्यप्रकार मराठीत आणला. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण कारणाने विधानाचे स्पष्टीकरण होते का?

आक्षेप घेताना प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते, त्यामुळे कोणत्या प्रश्नावर आक्षेप टिकेल आणि त्यासोबत कोणता पुरावा जोडावा, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर पर्यायांत शोधण्याआधी प्रश्नवाक्यात शोधा. 'प्रकाशनवर्षानुसार' असा शब्द असेल तर 'तृतीय रत्न' शेवटी जाईल आणि आक्षेप घेऊन उपयोग होणार नाही. नुसते 'कालानुक्रमे लावा' असे असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, कारण वाङ्मयेतिहासात या नाटकाची चर्चा १८५५ या वर्षाखालीच होते; शिवाय त्याच चौकडीतील शाकुंतल आणि शारदा यांची वर्षे आपण प्रयोगावरून सांगतो, म्हणजे सर्वांना प्रकाशनाचा एकच निकष लावलेला नाही, हेही आक्षेपात लिहा. पुरावा म्हणून दाते यांची ग्रंथसूची जोडू नका. ती १८०० ते १९५० या काळातील छापील ग्रंथांची असल्यामुळे त्यात हे नाटक मिळणार नाही. य. दि. फडके यांनी संपादित केलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथातील संबंधित पाने घ्या, आणि फुले यांनी स्वतः 'गुलामगिरी'त, म्हणजे १८७३ मध्ये, या नाटकाचा उल्लेख केला आहे, तेही पान जोडा. लेखकाचा स्वतःचा छापील उल्लेख तज्ज्ञांना सहज डावलता येत नाही.

आत्मकथनांच्या बाबतीत पुस्तकाचे नाव दिले असेल तर पुस्तकाचेच वर्ष धरावे, असे माझे मत आहे. तेथे पहिल्या आवृत्तीचे मुद्रणपृष्ठ लागेल. नंतरच्या आवृत्तीवरची प्रस्तावना पुरेशी ठरत नाही.

केशवसुतांच्या प्रश्नात दोन्ही बरोबर, पण कारण हे स्पष्टीकरण नव्हे, हेच उत्तर योग्य आहे. 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' १८८८ ची, 'तुतारी' १८९३ ची, 'नवा शिपाई' १८९८ ची. या कवितांतील व्यक्तीचा स्वतंत्र स्वर आणि विषमतेवरचा प्रहार यांमुळे त्यांना ते स्थान मिळाले. सुनीत हा त्या बदलाचा एक भाग होता. केवळ चौदा ओळींच्या रचनेने कोणी युगप्रवर्तक ठरत नाही. तालिकेत वेगळे उत्तर आले तरच यावर खर्च करा.

धागाकर्ता

मॅडम, मनापासून आभार. 'गुलामगिरी'तील उल्लेख आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. प्रश्नपत्रिका आणि नोंदवलेली उत्तरे संकेतस्थळावर दिसू लागली की नाटकांच्या प्रश्नातील नेमके शब्द येथे लिहीन आणि मगच शुल्क भरीन. तोपर्यंत एक विनंती सर्वांना आहे : 'मिटलेली कवाडे', 'माज्या जल्माची चित्तरकथा' किंवा 'जिणं आमचं' यांची पहिली आवृत्ती कोणाच्या संग्रहात अथवा जवळच्या ग्रंथालयात असल्यास कृपया मुखपृष्ठ व मुद्रणपृष्ठ यांचे स्पष्ट छायाचित्र येथे द्यावे. आमच्या ग्रंथालयात तिन्हींच्या नंतरच्या आवृत्त्याच आहेत.