शब्दचर्चा: 'फीका', 'हेमबाकात', 'लोप्पिस' आणि 'प्युस्सेल' यांना मराठीत काय म्हणावे?

चर्चेचा प्रस्ताव

स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात आमच्या गृहसंकुलाच्या दारावर दर उन्हाळ्यात एक कागद लागतो. यंदा त्यावर चारच गोष्टी लिहिल्या आहेत: रविवारी अंगणात 'लोप्पिस', दुपारी 'फीका', 'हेमबाकात' मिळेल, मुलांसाठी 'प्युस्सेल'. संकुलात आता पाच मराठी कुटुंबे आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्यापैकी बहुतेकांचे आईवडील महाराष्ट्रातून येऊन राहतात, म्हणून हाच मजकूर मराठीतही लावावा असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. अर्ध्या तासात भाषांतर होईल असे मला वाटले होते. तीन दिवस झाले तरी एकही ओळ मनासारखी उतरलेली नाही, म्हणून हे शब्द आपणा सर्वांपुढे ठेवत आहे.

'फीका' हा शब्द मराठी वाचकाला पहिल्याच अक्षरापासून फसवतो, कारण आपल्याकडे 'फिका' म्हणजे बेचव, बिनसाखरेचा किंवा निस्तेज, आणि 'दुपारी फिका चहा' असे आमंत्रण कोणी देत नाही. स्वीडिश शब्दातला 'फी' दीर्घ आहे, त्यामुळे लिहिताना दीर्घच ठेवावा असे माझे मत आहे. कॉफीला पूर्वी बोलीत 'काफ्फी' म्हणत, आणि त्यातल्या अक्षरांची उलटापालट होऊन एकोणिसाव्या शतकातल्या बोलभाषेत 'फीका' तयार झाला असे व्युत्पत्तिकार मानतात. आपली मुले 'च'ची भाषा बोलतात, त्याच जातीचा हा खेळ आहे. १७५६ ते १८२३ या काळात स्वीडनमध्ये कॉफीवर अनेकदा बंदी आली होती, आणि चोरून कॉफी पिणाऱ्यांनी हा शब्द काढला अशी कथा इथे हौसेने सांगितली जाते. ती मला पटत नाही, कारण बंदीचा काळ संपून कितीतरी दशके गेल्यावर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हा शब्द छापील रूपात दिसू लागतो.

आज त्याचा अर्थ कॉफीपुरता उरलेला नाही. कामाच्या ठिकाणी सकाळी साधारण साडेनऊ-दहाला आणि दुपारी तीनच्या सुमारास सगळे हातातले काम ठेवून एका टेबलाभोवती बसतात, कॉफी किंवा चहा घेतात, सोबत काहीतरी गोड भाजलेले खातात, आणि त्या वेळेला, त्या खाण्याला व त्या बसण्याला मिळून 'फीका' म्हणतात. संगणकासमोर बसून एकट्याने रिकामा केलेला पेला सहसा 'फीका'त धरला जात नाही. शिवाय हा शब्द नाम आहे तसा क्रियापदही आहे, आणि आमच्या घरातली मुले तर सर्रास 'आपण फीका करू या' असे मराठी वाक्य बोलतात.

'हेम' म्हणजे घर आणि 'बाकात' म्हणजे भट्टीत भाजलेले. 'हेमबाकात' या एका शब्दात दालचिनीची गुंडाळी असलेला 'कानेलबुल्ले', वेलदोड्याची भरड घातलेला त्याचा भाऊ आणि हरतऱ्हेची छोटी बिस्किटे येतात. 'लोप्पिस' म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंची विक्री. 'प्युस्सेल' म्हणजे कागद, कात्री, लोकर, डिंक घेऊन बसून केलेले काहीतरी; ते नेमके काय, याला मला मराठीत शब्दच सापडत नाही. कृपया सुचवावे.

पहिला प्रतिसाद

'फीका'साठी 'चहापान' हा तयार शब्द आहे, तो का नको?

दुसरा प्रतिसाद

'चहापान' नको असे मला वाटते, कारण या शब्दाला सभागृहाचा वास आहे. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना बोलावतात ते चहापान, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी छापतात ते अल्पोपाहार. दोन्ही शब्दांत यजमान आणि निमंत्रित असा भेद गृहीत धरलेला आहे. आपण वर्णन केलेल्या 'फीका'त यजमान कोणीच नाही.

'फराळ' हा शब्दही मनात आला, पण तोही अडतो. 'फलाहार'पासून आलेला हा शब्द आधी उपवासाचा होता आणि आज प्रामुख्याने दिवाळीचा झाला आहे. इथे मला आपल्या भाषेचा एक विशेष जाणवतो: घरी केलेल्या खाऊसाठी आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, परंतु त्यांतले बहुतेक सणाला, व्रताला, पाहुण्याला किंवा प्रवासाला बांधलेले आहेत. आपल्याला हवा आहे तो मंगळवारी दुपारी तीन वाजता, काहीही निमित्त नसताना वापरायचा शब्द. तसा एक आहे, आणि तो आमच्या सांगलीकडच्या घरात रोज वापरला जाई: 'मधल्या वेळचे'. शाळेतून आल्यावर 'मधल्या वेळचे काय आहे?' असे आम्ही विचारत असू, आणि डब्यात शंकरपाळे किंवा चिवडा असे. यातही वेळ आणि खाणे एकमेकांत मिसळलेले आहेत, अगदी आपल्या 'फीका'सारखेच. क्रियापद मात्र त्याला नाही, हे मान्य करावे लागेल.

'हेमबाकात'बद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. 'घरगुती' हा शब्द कृपया वापरू नये. दुकानातल्या प्रत्येक लाडवाच्या पाकिटावर तो छापलेला असल्यामुळे 'घरगुती' म्हणजे आता 'घरच्यासारखे, परंतु विकत मिळणारे' असा अर्थ होऊन बसला आहे. 'घरचे' या शब्दात अजून जीव आहे, कारण ते कोणाच्या तरी घरचे असते. 'भाजलेले' या शब्दात निराळीच अडचण आहे: आपण शेंगदाणे भाजतो, भाकरी भाजतो, रवा भाजतो आणि नानकटाईही भाजतो, तवा, कढई आणि भट्टी या तिन्हींसाठी क्रियापद एकच. याचे कारण स्वयंपाकघरात आहे. आपल्या बहुतेक घरांत भट्टी नव्हतीच. माझी आजी मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत नेत असे, तिथल्या माणसाकडून आपल्यासमोर नानकटाई घालून घेत असे आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणत असे. साहित्य घरचे, भट्टी बाहेरची. ती नानकटाई 'घरची' होती का, असे तिला कोणी विचारले असते तर तिने ठामपणे होय म्हटले असते. म्हणून 'घरी भाजलेले' असे शब्दशः लिहिण्यापेक्षा 'घरी केलेले' लिहावे, असे मी सुचवीन.

प्रस्तावकाचे उत्तर

'मधल्या वेळचे' वाचून फार आनंद झाला. आईला फोनवर वाचून दाखवले, तर ती म्हणाली, 'मग इतके दिवस शोधत काय होतीस?' आपण मांडलेला सणाचा आणि रोजचा भेद मला महत्त्वाचा वाटतो, फक्त त्यात एक भर घालते. स्वीडिशमध्येही प्रसंगाचा शब्द होता आणि आहे: 'काफ्फेरेप'. एकीने शेजारणींना दुपारी घरी बोलवायचे, उत्तम कपबश्या काढायच्या आणि सात प्रकारची बिस्किटे मांडायची, अशी ती रीत. 'शू सॉर्टर्स काकोर', म्हणजे 'सात प्रकारचे काका', हा वाक्प्रचार आजही प्रत्येकाला ठाऊक आहे; सातांहून कमी मांडले तर यजमानीण कंजूष ठरे आणि जास्त मांडले तर मिरवणारी. स्वीडिश 'काका' म्हणजे बिस्किट किंवा साधा केक, हे मराठी वाचकासाठी प्रत्येक वेळी सांगावे लागते. त्या दुपारची कल्पना द्यायची झाली तर बायकांच्या बैठकीपुरते हळदीकुंकू आठवावे, आणि मांडणीतल्या अभिमानापुरते रुखवत. रुखवतात तर लाडू-करंज्यांच्या शेजारीच विणलेली तोरणे आणि मण्यांचे मोर मांडलेले असतात, म्हणजे खाऊ आणि हातकाम यांची सोबत आपल्यालाही अपरिचित नाही.

'फीका' मात्र काफ्फेरेपपेक्षा साधा आणि रोजचा. ४ ऑक्टोबर हा दिवस १९९९ पासून कानेलबुल्लेचा दिवस म्हणून पाळला जातो, पण ते बन त्या दिवसाची वाट पाहत नाहीत. आमच्या मजल्यावरच्या आजी दर गुरुवारी पीठ मळतात, आणि वेलदोडे खलबत्त्यात कुटल्याचा वास जिन्यात आला की मला क्षणभर आपण कोणत्या देशात आहोत याचा विसर पडतो.

आता 'लोप्पिस'. 'लोप्पा' म्हणजे पिसू, आणि 'पिसवांचा बाजार' या अर्थाच्या लांब शब्दाला तोडून त्याला 'इस' हा लाडाचा प्रत्यय लावला की 'लोप्पिस' होते. आपण जसे 'सोनुली' म्हणतो तसा हा प्रत्यय वस्तूला जवळचे करतो. त्यामुळे 'जुना बाजार' हे भाषांतर अर्थाने बरोबर असूनही सूर चुकवते: पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा व्यापारी असतो, तर आमच्या अंगणात विकणारी माझी शेजारीण असते आणि विकत घेणारीही शेजारीणच.

याच अंगणात दुसरा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. गुस्ताव्सबेरी कारखान्यातला स्टिग लिंडबर्ग यांनी चितारलेला 'बेर्शो' नावाचा कपबशीचा संच इथे अनेकांच्या जिवाचा विषय आहे. पांढऱ्यावर हिरव्या पानांच्या रांगा, १९६१ ते १९७४ या काळात त्याचे उत्पादन झाले आणि बऱ्याच वर्षांनी तेच नक्षीकाम पुन्हा बाजारात आले. आजीच्या कपाटातला जुना कप आणि दुकानातला नवा कप शेजारी ठेवले तर लांबून फरक कळत नाही. स्वीडिश लोक पहिल्याला 'व्हिंटेज' म्हणतात, आणि नव्याने केलेल्या पण जुन्या काळची आठवण देणाऱ्या वस्तूला बरेचदा 'रेट्रो'. मराठीत आपण दोहोंना 'जुन्या काळचे' म्हणून मोकळे होतो. माझी सूचना अशी की खऱ्या जुन्या वस्तूला 'जुन्या काळातले' म्हणावे आणि नव्याने घडवलेल्या वस्तूला 'जुन्या वळणाचे'. 'वळण' हा शब्द अक्षरालाही लागतो, स्वभावालाही आणि घराण्यालाही. त्यात अनुकरणाचा कमीपणा नाही. जुन्या नमुन्यावरून आज शिवलेला झगा, किंवा आजीच्या वहीतल्या आराखड्यावरून आज विणलेला स्वेटर, 'जुन्या वळणाचा' म्हटला की नेमका कळतो.

जाता जाता: 'बेर्शो' म्हणजे बागेतला झाडावेलींनी वेढलेला बसायचा कोपरा, आणि उन्हाळ्यात कॉफी घेण्याची तीच आवडती जागा. आपला 'वेलमांडव' त्याला अगदी शोभतो.

तिसरा प्रतिसाद

मी तीस वर्षे शाळेत हस्तकला शिकवली, त्यामुळे 'प्युस्सेल'वर बोलण्याचा मोह आवरत नाही. 'हस्तकला' आणि 'कलाकुसर' हे शब्द इथे जड होतील असे मला वाटते. स्वीडिश शाळांत 'स्लॉइड' नावाचा विषय असतो, त्याच्याशी 'प्युस्सेल'चे नाते काय? आमच्या प्रशिक्षणात त्या नावाचा उल्लेख गांधीजींच्या वर्धा शिक्षण योजनेच्या संदर्भात होत असे.

प्रस्तावकाचे उत्तर

आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. 'स्लॉइड' म्हणजे लाकूड, धातू आणि कापड यांत हाताने घडवण्याचे शिक्षण. तो आजही इथल्या प्रत्येक मुलामुलीला सक्तीचा विषय आहे. आमच्या शहराजवळच्या नेस या जागी ऑटो सालोमॉन यांनी १८७० च्या दशकात या विषयाच्या शिक्षकांसाठी विद्यालय चालवले आणि तिथे पुढे अनेक देशांतून शिक्षक शिकायला आले. १९३७ च्या वर्धा योजनेतल्या 'मूलोद्योगा'शी, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगातून शिकवण्याच्या कल्पनेशी, त्याची तुलना होते, पण एक फरक ध्यानात ठेवावा लागतो: गांधीजींना मुलाच्या हातकामातून शाळेचा खर्चही निघावा असे वाटत होते, तर सालोमॉन यांचा भर कामातून घडणाऱ्या मुलावर होता. शब्दाचे मूळ मात्र मला फार आवडते. जुन्या भाषेत 'स्लॉइड' म्हणजे कौशल्य, चातुर्य. आणि आपल्या 'कलाकुसर'मधली 'कुसर', जुन्या मराठीतली 'कुसरी', हीदेखील कौशल्यच.

'प्युस्सेल'ला एवढा मान नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे. त्याच्या क्रियापदाचा एक अर्थ एखाद्याची मायेने उठबस करणे असाही होतो. नाताळाआधी खिडकीत टांगायचा कागदी तारा, ईस्टरला फांद्यांना बांधायची पिसे, दुपारी बसून रंगवलेली काड्यापेटी, हे सगळे 'प्युस्सेल'. सुंदर झाले नाही तरी चालते. आपल्याकडे दिवाळीत मुले किल्ला करतात आणि घरी आकाशकंदील चिकटवतात, तेव्हा हातून जे घडते ते हेच. पण त्याला आपण नाव दिले नाही, 'काहीतरी करत बसले आहेत' एवढेच म्हणतो.

चौथा प्रतिसाद

मग 'काहीतरी करत बसणे' हेच का लिहू नये? शब्द नसला तरी वाक्य आहे, आणि आजीआजोबांना ते लगेच कळेल.

प्रस्तावकाचे उत्तर

पटले. 'फीका' मी ठेवणार आहे, कारण मुलांच्या मराठीत तो आधीच रुळला आहे. शेजारी 'मधली वेळ' लिहिले की आजींनाही कळेल आणि नातवंडांनाही. आज सकाळी दारावर लावलेला मजकूर असा:

'येत्या रविवारी आपल्या अंगणात शेजाऱ्यांचा जुना बाजार भरेल. जुन्या काळातल्या आणि जुन्या वळणाच्या, दोन्ही वस्तू असतील. मधल्या वेळी सर्वांनी मिळून फीका करू; वेलदोड्याचे आणि दालचिनीचे बन घरी केलेले असतील. मुलांनी कागद, लोकर आणि डिंक घेऊन काहीतरी करत बसावे, मोठ्यांनीही बसावे.'

संध्याकाळी खाली गेले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे, नाशिकहून आलेले आजोबा तो कागद वाचत उभे होते. 'वेलदोड्याचे' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, 'सोलून घालतात की सालासकट?' सोलून, दाणे जाडसर कुटून, असे मी त्यांना सांगितले.