आजोबांच्या ट्रंकेतली शाळा: तुमच्याकडे काय उरलंय?

माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी एक कागद, सगळा उर्दूत. आई म्हणाली, "जमिनीचा नसेल तर घाल बंबात." गल्लीतल्या चाचांना दाखवला, तर निघाला मिडलचा दाखला! तारीख खुर्दाद १३३७ फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेतला महिना अन् साल. चाचांनी बोटांवर हिशेब केला: ५९१ मिळवायचे, म्हणजे एप्रिल १९२८. निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांना माध्यम उर्दू. पुढच्या पिढीला ती लिपी येईना. असे किती दाखले बंबात गेले असतील. तुमच्याकडचं सांगा. काय राहिलं, कसं राखलं, काय घालवलं तेही.

परभणीकर: घालवलेलं सांगतो. आजोबांच्या बोर्डिंगचा ग्रुप फोटो, तीन रांगा, बहुतेकांच्या डोक्यावर रूमी टोपी, गोंड्याची. फ्रेम पावसाळ्यात भिंतीच्या ओलीला होती. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमटपणानं चिकट होतो, हे तेव्हा कुठं ठाऊक? काच काढायला गेलो आणि मधल्या रांगेतले तिघं काचेलाच राहिले. आजोबा त्यातच. पुढं एका फोटोवाल्यानं सांगितलं, चिकटलेला फोटो ओढायचाच नसतो, काचेसकट स्कॅन करायचा. उशिरा भेटला गडी.

लातूरची लेक: आम्ही हौसेनं दाखला लॅमिनेट केला. आता आतल्या आत पिवळा पडू लालाय अन् काढता येईना. काहून केलं म्हणून वडील रोज ऐकवतात.

नांदेडहून: कसर लागू नये म्हणून आजीनं अल्बममध्येच कडुलिंबाचा पाला घातला होता. कसर लागली नाही, पण पानापानांवर पाल्याचे तपकिरी डाग. पाला बाहेरच्या गाठोड्यात ठेवावा. आणि ट्रंक फरशीवर नको, खाली दोन विटा तरी द्या.

बीडकर: मागं नावं कशानं लिहायची? बॉलपेननं लिहिलं तर पुढून उमटलं.

धागाकर्ती: मऊ पेन्सिलनं, फोटो सपाट ठेवून, अगदी हलक्या हातानं. ओळखणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या. माझ्याकडं आता चाचाच उरलेत, तेही ऐंशीचे.

परभणीकर, ती काच फेकली तर नाही ना? तिघांचे चेहरे तिच्यावरच आहेत.

परभणीकर: कोठीघरात असंल. बघतो.