मदत हवी आहे : ताणाच्या हार्मोनची जनुकं आणि भावाची बिडी

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ परभणी जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे. सोयाबीनची आवक वाढली की सकाळपासून काटा, पट्ट्या, हमालांचा हिशोब, शेतकऱ्यांची ओरड. डाव्या हातात बिडी धरून उजव्या हाताने पट्टी लिहितो, राख कागदावर पडली की फुंकर मारून पुढचा आकडा. वडील बिडी ओढायचे, आजोबा चिलीम. सोड म्हटलं की म्हणतो, "ताई, रक्तातच आहे ते, टेन्शन आलं की मला राहवत नाही." सोडायला बसला की दोन-तीन दिवसांत घरात भांडणं, मग पुन्हा बंडल.

माझी बीएस्सी झालीय, म्हणून वाचत गेले. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनला पकडणारे दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीतली प्रथिनं, असतात. त्यांची जनुकं एनआर३सी१ आणि एनआर३सी२. त्यांतल्या फरकांचा धूम्रपानाशी संबंध जोडलाय. म्हणजे त्याचं म्हणणं खरं आहे का? गावात एकजण जनुक-तपासणीचं पॅकेज विकतोय, पैसे बरेच सांगतो. करून घ्यावी का? नवा हंगाम सुरू व्हायच्या आत काहीतरी करायचंय. कृपया सांगा.

गोदाकाठ (नांदेड)
ताई, मी बायोकेमिस्ट्री शिकवते. भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत निकोटिनच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. पण तो एका जनुकाचा नाही. २०१९ मध्ये सुमारे १२ लाख लोकांच्या माहितीवरून जनुकांवरच्या ४०० च्या वर जागा तंबाखू-दारूशी जोडलेल्या सापडल्या. त्यातली सर्वांत ठाशीव जागा १५ व्या गुणसूत्रावरची, निकोटिनच्याच रिसेप्टरची. तिथला बदल असला तर दिवसाला सरासरी जेमतेम एक सिगारेट जास्त, एवढाच फरक.

आता तुमचे दोन रिसेप्टर. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (जनुक एनआर३सी२) कॉर्टिसॉलला फार घट्ट धरतो, म्हणून एरवीही भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर (जनुक एनआर३सी१) कॉर्टिसॉल वाढलं की कामाला लागतो आणि मेंदूला "आता पुरे" असं कळवतो. एनआर३सी१ मधल्या बीसीएल-वन बदलाने पेशी कॉर्टिसॉलला जास्त दाद देतात, ईआर२२/२३ईके बदलाने कमी. हा ब्रेक माणसागणिक कमी-जास्त लागतो, हे पटण्यासारखं आहे. निकोटिन स्वतःच कॉर्टिसॉल वाढवतं, म्हणून संशोधकांना हा दुवा महत्त्वाचा वाटतो. पण अशा एकेका जनुकाच्या लहान अभ्यासांचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासांत बऱ्याचदा टिकत नाहीत. त्यातून "तुझ्या भावाला सोडता येणार नाही" असं कुणी सांगू शकत नाही. पॅकेजवर पैसे घालू नका, औषध त्यावरून बदलत नाही.

त्यापेक्षा त्याला एक प्रश्न विचारा, तोच डॉक्टर विचारतात : उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन घट्ट आहे.

मोंढ्याचा_जुना (सेलू)
मी पण आडतीवरच होतो, बिडी सोडली. टेन्शन बिडीने जातं असं वाटतं, पण निम्मं टेन्शन बिडीचा अंमल उतरल्याचंच असतं, हे मला सोडल्यावर काही आठवड्यांनी कळलं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, त्या दिवसांत भांडू नका ताई, घरातल्यांनी ऐकून घ्या. काट्यावर उभं राहताना खिशात बडीशेप ठेवा. १८००-११-२३५६ वर फोन करायला सांगा, सरकारी आहे, फुकट आहे.

ताई (मूळ धागा)
खूप आभार दोघांचेही. विचारलं, तो म्हणाला, "डोळे उघडले की आधी बिडी, मग तोंड धुणं." त्याला बीपीची गोळी चालू आहे. निकोटिनचा च्युइंगगम चालेल का?

गोदाकाठ (नांदेड)
बीपी असेल तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, बिडीचा आकडा खरा सांगायचा. बऱ्याच जणांना चालतो, बिडी ओढण्यापेक्षा खूपच बरा. लवकर पहिली बिडी लागणाऱ्यांना जास्त ताकदीचा, ४ मिलिग्रॅमचा लागतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. आणि गम चघळत राहायचा नाही : थोडा चावायचा, तिखटसर लागला की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. त्या आधी चहा-कॉफी नको. सोबत त्याची बायको किंवा तुम्ही गेलात तर तो खरा आकडा सांगेल.